दहा मेसच्या गल्लीत अकरावी कशी चालते?

प्रश्न : माझा भाचा लातूरच्या ट्यूशन एरियात मेस टाकायचं म्हणतोय. तिथं दर चार घरांआड मेस आहेच. जिथं एकही मेस नाही अशा गावात धंदा करावा, असं आम्हा घरच्यांचं मत. तो ऐकत नाही. बरोबर कोण? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : तुमची शंका अगदी स्वाभाविक आहे, पण मी भाच्याच्या बाजूनं झुकतो. गिऱ्हाईक ठरावीक असेल तर अकरावा दुकानदार आधीच्या दहांच्या ताटातलंच घेतो, हे खरं. लातुरात मात्र गिऱ्हाईक ठरावीक नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं, पुढं नीटचे क्लास वाढले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं येऊ लागली. त्या प्रत्येक मुलाला खोली, दोन वेळचं जेवण, झेरॉक्स, इस्त्री लागते. गिऱ्हाईक आणायचं काम क्लासनं आधीच केलेलं आहे.

दुसरं असं, की गर्दीच्या गल्लीत धंद्याचं सामानसुमान तयार असतं. भाजीवाला दारात येतो. पोळ्या करणाऱ्या बाई एकाएकी सोडून गेल्या, तर शेजारी विचारून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मिळतात. डबे पोचवणारी पोरं असतात. महिन्याचा दर काय, आगाऊ किती घ्यायचे, हे गल्लीला पाठ असतं. मेस नसलेल्या गावात हे सगळं भाच्याला एकट्यानं, स्वतःच्या खिशातून उभं करावं लागेल.

लातूरला ही रीत नवी नाही. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातुरात पोचली आणि इथला माल बाहेर जायला वाट झाली. १९१७ मध्ये गंजगोलाई आखली गेली. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफा एकीकडे, चपला दुसरीकडे, मिरची-गूळ आणखी कुठं. खेड्यातून आलेल्या माणसाला चार दुकानं शेजारी-शेजारी पाहून भाव करता येतो, म्हणून तो त्याच रस्त्याला येतो. तिथं पाचवं दुकान निघालं तर येण्याला आणखी एक कारण मिळतं.

डाळमिलचं गणित तर याहून पक्कं आहे. तूर आडतीत येते, त्यामुळं मिलवाल्याला गावोगाव हिंडावं लागत नाही. यंत्र बिघडलं तर ते जाणणारा मिस्त्री गावातच असतो. डाळ बाहेर जाते, उरलेली चुनी जनावरांसाठी विकली जाते. आडतीत वर्षानुवर्षं मुनीमकी केलेल्या माणसाला कोणती तूर किती उतारा देईल हे हातात घेताच कळतं. ही विद्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांसारखे धंदे एका गावी का गोळा होतात, याचा विचार करताना आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्ये हीच कारणं मांडली होती : तयार कारागीर, पूरक धंदे आणि कानावर पडत राहणारं ज्ञान.

आता एक गैरसमज. मोठा कारखाना आला की भोवती धंदे आपोआप फुलतात, असं आपण धरून चालतो. नांदेड पाहा. कापसाच्या मुलखातली उस्मानशाही मिल एके काळी त्या शहराची ओळख होती. ती बंद पडली. आज तिथं नव्या धंद्याला आधार मिळतो तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून यात्रेकरू येतात. डॉक्टर लेनमध्ये सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. रुग्णाबरोबर नातेवाईक, म्हणून लॉज, औषधाची दुकानं, तपासणीच्या लॅब, चहाच्या टपऱ्या. ही साखळी कुणी आराखडा काढून बसवलेली नाही.

पण शहराचा आधार तुटतोही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मार्गावर पूर्वी बार्शी लाइटची गाडी धावायची, त्याच मार्गानं ब्रॉडगेजवरून पाण्याच्या वाघिणी आल्या. पाणी नसलं की मेस कितीही चांगली असो, भांडी कशानं घासणार? जागा पाहताना भाच्यानं भाड्याआधी बोअरची चौकशी करावी.

आणखी एक. मे महिन्यात नीट झाली की मुलं गावी जातात. पुढची तुकडी येईपर्यंत गल्ली ओस पडते, घरमालकाचं भाडं मात्र चालूच राहतं. त्या रिकाम्या आठवड्यांची सोय त्यानं काय केली आहे, तेवढं विचारा. उत्तर नसेल तर त्यानं आधी एखाद्या चालत्या मेसमध्ये एक हंगाम काम करावं. एप्रिल ते जुलै हे महिने तरी चुकवू नयेत.