कोष्टकाला जागा कशी मागावी?

दोन मॅट्रिक्सचा गुणाकार तुम्ही वहीत केला असेल. उत्तराचे कोष्टक मांडताना कागद कोरा आहे, हे आपण गृहीतच धरतो. संगणकाची स्मृती मात्र न पुसता पुढच्या मुलाला दिलेल्या पाटीसारखी असते.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या ‘सी’ भाषेत ‘मॅलॉक’ हे फंक्शन स्मृतीतील जागा मिळवून देते, पण ती पुसून देत नाही. उत्तराच्या प्रत्येक घरात आपण एकेक गुणाकार मिळवत जातो. तेथे आधीचा कचरा असला तर बेरीज चुकते, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कधीकधी तर योगायोगाने जागा कोरी मिळते व उत्तर बरोबर येते! अशी चूक महिनोन् महिने लपून राहते.

समजा, १००० ओळी व १००० स्तंभ आहेत. दशांश संख्येस ८ बाइट धरले तर ८० लक्ष बाइट हवेत. प्रत्येक ओळ वेगळी मागितली, तर हजार ओळी आणि त्यांच्या पत्त्यांची एक यादी अशा १००१ मागण्या होतात. त्यांतील एखादी नाकारली गेली तर ‘नल’ हा रिकामा पत्ता मिळतो. तो दर वेळी तपासायला हवा. परत करतानाही आधी ओळी, मग यादी. यादी आधी परत केली तर ओळींचे पत्ते कोठून आणणार?

त्यापेक्षा एकच सलग तुकडा मागावा. शून्यापासून मोजून ओळ ३, स्तंभ ७ चे घर म्हणजे ३ × १००० + ७ = ३००७ क्रमांकाचे घर. तपासणी एकदा, ‘फ्री’ही एकदाच. मात्र ओळी व स्तंभ ५०,००० झाले तर घरे २५० कोटी होतात. ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडेच वर मावते. म्हणून हा गुणाकार ‘साइझ_टी’ प्रकारात करावा.

‘कॅलॉक’ शून्ये भरूनच जागा देते. पण तेच कोष्टक दुसऱ्या गुणाकाराला वापरायचे तर ते ‘मेमसेट’ने आपणच पुसावे लागते. येथे पुष्कळजण फसतात. किती बाइट पुसायचे हे सांगताना ते ‘साइझऑफ’ला कोष्टकाच्या पत्त्याचे माप विचारतात. ६४ बिटांच्या संगणकावर उत्तर येते ८. पुसले जाते फक्त पहिले घर. ७९,९९,९९२ बाइट तसेच! तेव्हा घरांची संख्या गुणिले एका घराचे माप, असेच लिहावे.

आता ‘मेमसेट’ने ० ऐवजी १ भरून पाहा. घरात १ दिसणार नाही, शून्याला जवळजवळ चिकटलेली एक चिमुकली संख्या दिसेल. कारण १ हा आकडा आठही बाइटांत वेगवेगळा जाऊन बसतो.