अडथळा : हेतू की अपघात?

मैदानावर दोन खेळाडू आदळले की पंचाला ठरवावे लागते : हा अपघात, की हेतुपुरस्सर अडथळा? बेसबॉलमध्ये फटकावलेला चेंडू अडवू पाहणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या वाटेत धावणारा खेळाडू आला, तर हेतू नसतानाही तो बाद होतो. फेकलेल्या चेंडूबाबत मात्र हेतू असावा लागतो. क्रिकेटमध्ये हेतूच निर्णायक मानतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये कलकत्त्याच्या कसोटीत तिसरी धाव पुरी करताना आपला सचिन तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळला आणि नदीम खानच्या थेट फेकीने धावचीत झाला. प्रेक्षक खवळले, पाकिस्तानने सामना ४६ धावांनी जिंकला. परंतु नुकसान मोठे झाले, एवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही. खेळाडूची नजर कोठे होती, त्याने वाट बदलली काय, हेच पंचाने पाहावे. न्यायबुद्धी म्हणतात ती हीच.