पत्रा घालावा की कौले? (कार्यकर्त्यांसाठी पाठ)



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून पत्र्यांसाठी अर्ज येतात. सही करण्यापूर्वी मी चार गोष्टी पाहतो.

१. वापर : धान्याच्या कोठाराला पत्रा चांगला. वानरे तो फोडत नाहीत, दरवर्षीची शाकारणी वाचते. बालवाडीत मात्र पाऊस कोसळू लागला की ताईंचे बोलणे मुलांना ऐकूच येत नाही.

२. सांगाडा : पत्रा कौलांपेक्षा पुष्कळ हलका, म्हणून कुडाच्या घराचे जुने वासेही तो पेलतात. पण हलका म्हणूनच वादळात उडतो आणि उडालेला पत्रा जीव घेऊ शकतो. खिळ्यांवर भागवू नका, जे-बोल्टने आवळा.

३. गळती : भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात नाही, पाणी तिथूनच वाहते. बोल्टखाली वॉशर हवाच.

४. ऊन : एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. खाली बांबूची ताटी बांधावी, मध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

म्हणून बालवाडीची कौले धड असतील तर तीच ठेवावीत. पत्राच घालायचा असेल तर ताटीचा खर्च अर्जातच धरा. आणि ठरवण्याआधी तिथे दिवसभर बसणाऱ्या ताईंना अवश्य विचारा.