दधीचींची कथा आणि आपण

भागवताच्या सहाव्या स्कंधात दधीची ऋषींची कथा येते. वृत्रासुरापुढे हतबल झालेले देव त्यांच्याकडे त्यांचा देहच मागायला आले. ऋषींनी तो आनंदाने दिला आणि त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिचा आपल्या घराशीही संबंध आहे, हे मला फार उशिरा उमगले.

पुण्याला माझ्या वहिनी गेल्या तेव्हा मी तिथेच होते. नेत्रदान करायचे, असे त्या अनेकदा म्हणत. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत नेत्र घ्यावे लागतात. आम्ही नातेवाइकांना फोन करण्यात गुंतलो आणि आठवण झाली तेव्हा वेळ टळून गेली होती. ती खंत आजही आहे.

पुढे एकदा लेकीबरोबर आपल्या मॉरिसव्हिलहून व्हर्जिनियातल्या रिचमंडला गेले. प्रत्यारोपणाची देशाची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे सांभाळत आलेल्या ‘युनॉस’ संस्थेच्या आवारात अवयव आणि ऊती दान करणाऱ्यांच्या स्मरणार्थ एक बाग आहे. तिथल्या शांततेत मी वहिनींची आठवण काढून हात जोडले. त्यांची इच्छा पुरी झाली असती, तर हा नमस्कार त्यांनाही पोचला असता, असे वाटून गेले.

आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या तीन शंका मी नेहमी ऐकते.

1. ‘आता या वयात काय उपयोग?’ दानाला वयाची मर्यादा नाही. 2024 मध्ये मिझुरी राज्यातल्या 98 वर्षांच्या गृहस्थांचे यकृत एका 72 वर्षांच्या महिलेला बसवण्यात आले. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असली तरी नेत्रदान करता येते. काय घेता येईल ते डॉक्टर त्या वेळी ठरवतात.

2. ‘अंत्यसंस्कारात अडचण येईल का?’ नाही. देह सन्मानाने घरच्यांच्या स्वाधीन होतो आणि सर्व विधी करता येतात. दानाचा खर्चही कुटुंबावर पडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे, ती इथे आठवावी.

3. ‘दाता म्हटल्यावर उपचारांत हयगय होईल का?’ रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे असतात आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे. मृत्यू घोषित करण्यात प्रत्यारोपण करणाऱ्यांचा सहभाग नसतो.

अमेरिकेत आज 1 लाखाहून अधिक लोक अवयवाच्या प्रतीक्षेत आहेत. एक दाता 8 जणांपर्यंत जीवदान देऊ शकतो.

म्हणून कळकळीची विनंती. ड्रायव्हिंग लायसन्सवर लाल हृदयाची खूण घेता येते. लायसन्स नसेल तर मुलांकडून ऑनलाइन नोंदणी करून घ्या. भारतात जाऊन-येऊन राहत असाल, तर तिथल्या नातेवाइकांनाही सांगून ठेवा, कारण तिथे कुटुंबाची संमती लागते. आणि आज रात्री जेवताना आपली इच्छा मुलांना, सुनांना, जावयांना स्पष्ट शब्दांत सांगा. वहिनी बोलल्या होत्या, पण वेळेवर आठवण ठेवायची ती आम्ही ठेवली नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये.