अस्थिशल्यविशारद होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंग दूर करण्याच्या विद्येला ‘ऑर्थोपेडिक्स’ हे नाव दिले. ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते घडले. त्याच्या ग्रंथातील खुंटाला बांधलेले वाकडे झाड आजही या शास्त्राचे बोधचिन्ह आहे.

आपल्या शाळेतून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्यांनी या शाखेची तयारी केव्हा सुरू करावी? माझे उत्तर आहे, पहिल्याच वर्षी. एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता. ‘नीट-पीजी’त २०० प्रश्न व ८०० गुण असतात, बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. प्रश्न सर्व विषयांवर असतात. केवळ हाडांचा अभ्यास करून ही शाखा मिळत नाही. पुढे एम.एस.ची ३ वर्षे, प्रबंधासह.

शरीररचना शिकताना हाड प्रत्यक्ष हाती घ्यावे. दंडाच्या हाडाला लगटून रेडियल मज्जातंतू जातो. हाड तेथे मोडून तो दुखावला, तर मनगट लोंबते. हे एकदा उमगले की पाठांतराचे ओझे उरत नाही. आंतरवासितेत अपघात विभाग टाळू नये. प्लास्टर घालण्याचा हात तेथेच बसतो.

पण खरी परीक्षा रात्रपाळीत होते. प्लास्टर घातलेले मूल कळवळते, औषध देऊनही कळ थांबत नाही, बोटे सरळ करताच ते किंचाळते. अशा वेळी स्नायूंवरील दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. प्लास्टर तत्काळ पूर्ण लांबीभर कापून वरिष्ठांना बोलवावे. शस्त्रक्रियाही लागू शकते. काही तासांच्या विलंबाने तो हात कायमचा आखडतो. मजुराच्या मुलाचे रडणे ‘कांगावा’ ठरते, तेव्हा हाच विलंब घडतो. ज्यांचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ऐकले नाही, त्यांच्या घरांतून तुम्ही आला आहात. ऐकून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर अधिक आहे.

पालकांनाही एक विनंती. हाडांचे काम पुरुषी ताकदीचे, असे सांगून मुलींना परावृत्त करू नका. येथे बळापेक्षा तंत्र मोठे. आणि पदवी मिळताच कमाईचा तगादा लावू नका. निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते. घराकडून त्याला हवा असतो तो थोडा धीर.