पिस्टन आधी, बोअर नंतर

आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं उत्पादन 1996 साली थांबलं, तरी कोल्हापुरात तिचे पिस्टन किट आजही चणे-फुटाण्यासारखे विकले जातात. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या रेटमधला देऊ?" रेट नंतर बघा. आधी माप.

माझ्या काकांची गाडी पन्हाळ्याच्या चढावर जॅम झाली. मागचं चाक एकाएकी धरलं; क्लचवर बोटं होती म्हणून काका वाचले. (जुनी टू-स्ट्रोक चालवणाऱ्याने क्लचवरची दोन बोटं काढूच नयेत.) सिलिंडर ताजा बोअर केलेला, पिस्टन नवाकोरा. उघडून पाहिलं तर पिस्टनच्या अंगावर चार बाजूंना उभे ओरखडे. असे ओरखडे बहुधा एकच सांगतात: पिस्टनला फुगायला जागा नव्हती.

झालं होतं असं. किट यायला उशीर होता, म्हणून वर्कशॉपवाल्याने तक्त्यातलं 0.50 चं माप (मूळ बोअरपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं) धरून सिलिंडर आधीच बोअर करून ठेवला. नंतर आलेला पिस्टन दुसऱ्याच कंपनीचा. खोक्यावर त्याच्याही 0.50 लिहिलेलं होतं, पण म्हणून दोन्ही पिस्टन सारखे होत नाहीत. ॲल्युमिनियम बिडाच्या स्लीव्हपेक्षा जास्त फुगतं, आणि किती फुगणार ते मिश्रधातूतल्या सिलिकॉनवर ठरतं. सिलिकॉन जास्त, तर फुगणं कमी. ओतीव पिस्टनपेक्षा फोर्ज्ड पिस्टन सहसा अधिक फुगतो, म्हणून त्याला गॅप जास्त लागतो. हा गॅप मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचा असतो आणि तो पिस्टन बनवणारा ठरवतो, लेथवाला नव्हे. किटमधला कागद म्हणूनच फेकायचा नसतो.

दुसऱ्या वेळी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने सिलिंडरला हातही लावला नाही. म्हणाला, "भावा, पिस्टन हातात दे, मग भोक मोठं करतो." मायक्रोमीटर त्याने स्कर्टला लावला, खालच्या कडेच्या थोडं वर, पिनला काटकोनात. पिस्टन दिसतो गोल, पण असतो किंचित अंडाकृती आणि माथ्याकडे निमुळता, त्यामुळे भलत्या जागी घेतलेलं माप फसवतं. आलेल्या आकड्यात कागदावरचा गॅप मिळवला आणि तेवढाच बोअर केला.

किट घेताना जुना पिस्टन सोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून पिनपासून माथ्यापर्यंतची उंची आणि स्कर्टची लांबी ताडून पाहा. उंची कमी भरली तर कॉम्प्रेशन पडतं आणि पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते. वजनात मोठा फरक असेल तर गाडी थरथरते. रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची टोकं त्या पिनेवर नेमकी बसायला हवीत, नाहीतर ती फिरून पोर्टात अडकतात आणि रिंग तुटते. माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा. सर्क्लिप कायम नव्या घाला. तिथे चार पैसे वाचवणाऱ्यांचे बोअर मी उभे चिरलेले पाहिले आहेत. बोअर झाल्यावर पोर्टांच्या धारदार कडा मोडल्या आहेत का, तेही बोट फिरवून बघा.

एवढं करूनही जुना पिस्टन का गेला हे शोधलं नाही, तर नवाही त्याच वाटेने जाईल. क्रँकचं ऑइल सील किंवा रीडखालचं पॅकिंग हवा खेचत असेल तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. ऑइल पंप चालतो का पाहा. पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापानेच घाला, अंदाजाने नको. या बाबतीत मी पेट्रोलपंपावरच्या पोराच्या हातावर विश्वास ठेवत नाही.

आरएक्सचा मूळ बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही तेवढाच. पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी तो 51 पर्यंत जातो आणि 98 सीसीची गाडी 102 ची होते. कट्ट्यावर पोरं याचंच कौतुक करतात. मी मात्र लागेल तेवढीच, एकेक पायरी चढतो. शेवटच्या पायरीनंतर स्लीव्ह बदलावी लागते, आणि ती सरळ बसवणारा मिस्त्री चांगल्या पिस्टनपेक्षा दुर्मीळ आहे.