मिरचीचा ठसका आणि कामगाराचा दमा

फोडणीत मिरची पडली की घरातील सर्वांना ठसका लागतो. श्वासनलिकेच्या अस्तरात संवेदी चेतातंतू, म्हणजे जाणीव मेंदूकडे पोहोचविणाऱ्या नसा, पसरलेल्या असतात. त्यांचाच हा इशारा होय. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याला नसांवरील कोणते प्रथिन प्रतिसाद देते, हे डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. या विषयातील कार्याबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या नसा निरोप पोहोचवून थांबत नाहीत. त्यांच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’सारखी द्रव्ये स्रवतात आणि अस्तराला सूज येते. दम्यामध्ये रोगप्रतिकारक पेशींमुळे दाह निर्माण होतो. त्या पेशींची द्रव्ये नसांना चेतवितात आणि नसांची द्रव्ये पुन्हा पेशींना. असे हे चक्र स्वतःच स्वतःला चालवीत राहते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात, अशा नसांचे कार्य थांबविल्यावर ॲलर्जीजन्य दाह कमी झाल्याचे आढळले. माणसांसाठी हा उपचार मात्र अद्याप रूढ झालेला नाही.

शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीत हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. वाहनांच्या काही रंगांत आणि फोमच्या निर्मितीत वापरली जाणारी आयसोसायनेट वर्गातील रसायने या नसांना चेतवितात; काही कामगारांत ती दम्यास कारणीभूत ठरतात. १९८४ साली भोपाळमध्ये पसरलेला विषारी वायू याच वर्गातील होता. अशा दम्याचा त्रास पुष्कळदा पाळी संपल्यावर रात्री जाणवतो आणि सुटीत उतरतो. कारण लवकर ओळखून संपर्क टाळला, तर सुधारणेची शक्यता अधिक. विलंब झाल्यास काम सोडल्यावरही दमा मागे राहू शकतो.

म्हणून रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, डॉक्टरांना खोकल्याबरोबर कामाचे स्वरूपही सांगावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने रसायनांची वाफ अडत नाही, हे ध्यानी घ्यावे. बरे वाटताच दाहशामक पंप आपल्या मनाने बंद करू नये. ठसका थांबला तरी आतील दाह शमलेला असतोच असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी अवश्य करावी.

देणगीदार व विश्वस्तांना एवढेच सांगावेसे वाटते : फुंकर मारून श्वासाचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर हे अल्पमोली साधन आहे. कामाच्या व सुटीच्या दिवसांतील त्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर एखाद्या कुटुंबाच्या कर्त्या माणसाचा आजार वेळीच ओळखता येतो.